नाव तुझं, फोन भाऊजींच्या हातात

ताई, नमस्कार.

मी माण तालुक्यातल्या एका गावात राहते. वय ३४, शिक्षण एम. ए. मराठी. ११ वर्षं बचत गटाचं काम करते, वाड्या धरून आता आमचे ७ गट आहेत. आमचा पंचायत समितीचा गण (मतदारसंघ) महिलांसाठी राखीव झाला आणि मी उभं राहायचं असं घरात ठरलं. मलाही इच्छा आहे, हे आधीच सांगते.

माझे दीर झेडपीच्या शाळेत शिक्षक आहेत. त्यांनी एका एजन्सीशी बोलणी केली. महिन्याला ४० हजार, त्यात २० रील, सणावाराच्या शुभेच्छा, ड्रोनचं शूटिंग आणि १० हजार फॉलोअरची हमी. पेज सुरू झालं. नाव माझं आहे, पण फोटोत यजमान मोठे आणि मी बाजूला, पदर घेऊन, लहान. खाली 'तुमच्या हक्काच्या वहिनी' असं लिहिलंय. गटाच्या कामाबद्दल एक शब्द नाही. पासवर्ड भाऊजींकडे असतो.

मागच्या आठवड्यात वाडीवर एकट्या राहणाऱ्या एका आजींकडे किराणा घेऊन गेलो. पिशवी देतानाचं शूटिंग तीनदा केलं. तिसऱ्या वेळी कॅमेरावाला मुलगा म्हणाला, "वहिनी, डोळ्यांत पाणी आलं पाहिजे." आजी माझ्याकडे बघतच राहिल्या. लग्न होऊन आले तेव्हापासून त्यांच्या हातचं ताक प्यायलेय मी. त्या रीलला दोन दिवसांत २२ हजार व्ह्यूज आले. घरात सगळे खूश आहेत, मला झोप नाही. आता भाऊजींच्या शाळेत मुलांबरोबर शूटिंग ठरलंय. हे केलं नाही तर निवडून येणार नाही, असं सगळे म्हणतात. मी काय करू?

– स., माण तालुका

प्रिय स.,

ताई म्हणालीस म्हणून एकेरीतच लिहिते.

तुझ्या पत्रातल्या एका वाक्याखाली मी रेघ मारून ठेवली आहे: 'मलाही इच्छा आहे, हे आधीच सांगते.' गेली १८ वर्षं मी निवडून आलेल्या बायकांच्या प्रशिक्षणांना जाते. पहिल्या दिवशी 'का उभ्या राहिलात?' असं विचारलं की निम्म्याजणी खाली बघून 'घरच्यांनी केलं' म्हणतात. तू तसं म्हणाली नाहीस. म्हणून पुढचं सगळं मी उमेदवाराला लिहितेय असं समज.

आधी त्या २२ हजारांचं बघू, कारण घरातल्यांचा सगळा आनंद त्या आकड्यावर उभा आहे. पंचायत समितीच्या एका गणात साधारण पंधरा-वीस हजारांची लोकवस्ती असते. त्यातून शाळकरी पोरं वजा कर, ज्यांच्याकडे साधा फोन आहे ती म्हातारी माणसं वजा कर. म्हणजे गणातल्या झाडून सगळ्या मतदारांनी तुझी रील पाहिली असती तरी एवढा आकडा झाला नसता. मग पाहिली कुणी? रील मुळात ओळखीच्या माणसांपुरती बनलेली नसते. ती अनोळखी माणसाच्या स्क्रीनवर टाकून बघायची, तो क्षणभर थांबला तर तशाच आणखी लोकांपुढे टाकायची, असं ते यंत्र चालतं. रडका चेहरा दिसला की माणूस थांबतो. तो तुमच्या बिदालचा आहे की कर्नाटकातल्या बिदरचा, याच्याशी यंत्राला काही देणंघेणं नाही. ज्याच्या हातात पेज आहे त्याला 'इनसाइट्स'मध्ये कुठल्या गावा-शहरातून किती जणांनी पाहिलं ते दिसतं. ते पान भाऊजींना आजच सगळ्यांसमोर उघडायला सांग. माझा अंदाज आहे की दहिवडी-म्हसवडपेक्षा लांबची नावंच जास्त निघतील.

१० हजार फॉलोअरची हमी जिथे मिळते तिथे बहुतेक वेळा फॉलोअर विकत आणलेले असतात. ती खाती तुझी पोस्ट कधी उघडत नाहीत, आणि कुणी उघडत नाही असं दिसलं की यंत्र ती पोस्ट खऱ्या माणसांनाही कमी दाखवायला लागतं. त्यासाठी पैसे देऊ नका.

तरीही एजन्सीवाल्यांना मी सरसकट लबाड म्हणणार नाही. त्यांनी जे मोठ्या निवडणुकांत पाहिलं तेच ते तुला विकतायत. २०१४ च्या लोकसभेत एका नेत्याचा चेहरा, एक घोषणा, एक रंग देशभर कसा नेता येतो हे सगळ्या पक्षांनी पाहिलं. २०१६ नंतर डेटा स्वस्त झाला, वाडीवस्तीवर व्हिडिओ चालायला लागले. २०२४ च्या विधानसभेआधी अजित पवार गुलाबी जाकिटात दिसायला लागले, पक्षाचे फलकही गुलाबी झाले. ज्याला राज्यातल्या साडेनऊ कोटींवर मतदारांपर्यंत जायचंय त्याला स्क्रीनशिवाय इलाज नाही. एवढ्या लोकांना तो भेटणार कधी? त्यांना त्याची ओळख बाहेरून, बनवूनच द्यावी लागते. तुला जिथे जायचंय ती माणसं गिरणीत, एसटी स्टँडवर, आठवडी बाजारात आणि यात्रेत रोज भेटतात. त्यांच्याकडे तुझी ओळख ११ वर्षांची आहे. तिच्यावर दुसरी, बाहेरून बनवलेली ओळख चिकटवली की लोकांना पहिली आठवते आणि दुसरी खोटी वाटते. आजींनी तुझ्याकडे जे पाहिलं, ते याच कारणानं पाहिलं असं मला वाटतं.

व्हायरल होणं आणि मत मिळणं यांत किती अंतर आहे, हे तुमच्या माणदेशानं अगदी जवळून पाहिलंय. जून २०२२ मध्ये शेजारच्या सांगोल्याचे तेव्हाचे आमदार शहाजीबापू पाटील गुवाहाटीहून एका कार्यकर्त्याशी फोनवर बोलले. 'काय झाडी, काय डोंगार, काय हाटील' हे त्यांचं बोलणं आठवड्याभरात अख्ख्या महाराष्ट्राच्या तोंडी झालं, त्यावर गाणी निघाली. एवढी प्रसिद्धी विकत घ्यायची म्हटली तर कुठलीच एजन्सी देऊ शकणार नाही. नोव्हेंबर २०२४ मध्ये ते सांगोल्यातच हरले. निवडून आले शेतकरी कामगार पक्षाचे बाबासाहेब देशमुख, गणपतराव देशमुखांचे नातू. लढत तिरंगी होती, पराभवाला एकच कारण नसतं, हे मी मान्य करते. पण गणपतराव १९६२ पासून त्या तालुक्यातून ११ वेळा निवडून आले होते आणि एसटीनं फिरणारा आमदार म्हणून लोक त्यांना ओळखत. त्यांच्या आयुष्यात रील नव्हती. तरी त्या नावाची जी पत होती, तिला आपण आजच्या भाषेत ब्रँडच म्हणू. आणि ती पत आजोबांच्या माघारी नातवालाही उपयोगी पडली.

२०१९ च्या लोकसभेला राज ठाकरेंच्या 'लाव रे तो व्हिडिओ'ची गोष्टही तशीच. सभा तुडुंब, घराघरांत क्लिप, आणि निकाल लागला तेव्हा ज्यांच्या विरोधात ते व्हिडिओ लावत होते त्या भाजप-शिवसेना युतीला राज्यात ४८ पैकी ४१ जागा.

आता कुणी तुला साताऱ्याच्या पावसाचं उदाहरण देईल. १८ ऑक्टोबर २०१९, मतदान तीन दिवसांवर, ७८ वर्षांचे शरद पवार भर पावसात छत्री न घेता बोलत राहिले. तो फोटो रात्रीतून सगळीकडे पोहोचला, आणि साताऱ्याच्या पोटनिवडणुकीत त्यांचे उमेदवार श्रीनिवास पाटील जिंकले. फोटोचा परिणाम झाला असं मीही मानते. पण तो कशामुळे झाला ते नीट बघ. पाऊस कुणी ठरवला नव्हता, आणि भिजणारा माणूस लोक पन्नास वर्षं ओळखत होते. त्यानंतर पावसात मुद्दाम उभे राहिलेले किती पुढारी मी पाहिले! कुणाचाही फोटो लोकांच्या लक्षात राहिला नाही.

आता मला ज्याची खरी काळजी वाटते तिकडे येते. ते पेज कुणाचं आहे?

७३ व्या घटनादुरुस्तीनं पंचायतीत बायकांना जागा मिळाल्या, २०११ पासून महाराष्ट्रात त्या निम्म्या झाल्या. खुर्चीवर बाई बसली आणि शिक्का नवऱ्याच्या खिशात राहिला, हे आपण सगळ्यांनी पाहिलंय. आता शिक्क्याबरोबर पासवर्डही आलाय. तुझ्या फोटोतला यजमानांचा मोठा चेहरा आणि 'हक्काच्या वहिनी' हे शब्द लोकांना सांगतात की काम असेल तर दादांना भेटा. वहिनी म्हणजे कुणाची तरी बायको. ११ वर्षं सात गटांचे हिशेब ठेवणारी, बँकेत भांडून कर्जं मंजूर करून आणणारी बाई त्या शब्दात कुठेच सापडत नाही. गावात तुला लोक वहिनी म्हणतात, प्रेमानं म्हणतात, त्यात काही वाईट नाही. पण पेजवर तुझं नाव, तुझा एकटीचा फोटो आणि तुझं काम असायला हवं. यजमानांचा फोटो आत कुठेतरी असू दे, घरच्यांबरोबर, जसा कुठल्याही उमेदवाराचा असतो.

पासवर्डाबद्दल माझ्या पाहण्यातली एक गोष्ट सांगते. एका तालुक्यातल्या सदस्या प्रशिक्षणाला आल्या होत्या. त्यांच्या नावाचं पेज पुतण्या चालवायचा. एका रात्री त्यानं विरोधी गटाच्या बाईंबद्दल घाणेरडं काहीतरी लिहिलं. सकाळी गावात भांडण, आणि त्या सदस्यांना पोस्ट काय होती हे दुपारी, ग्रामसभेत, सगळ्यांसमोर पहिल्यांदा कळलं. त्या नुसत्या उभ्या राहिल्या. मला सांगताना एक वर्ष उलटून गेलं होतं, तरी त्यांचा आवाज कापत होता. तुझ्या नावानं जे लिहिलं जाईल त्याचा जाब तुलाच विचारला जाणार आहे. म्हणून पेज तुझ्या फोन नंबरवर, तुझ्या ईमेलवर हवं. मदत करणाऱ्याला पोस्ट टाकण्यापुरता हक्क देता येतो, मालकी तुझ्याकडे ठेवता येते, ही सोय तिथे आहे. एजन्सीच्या नावावर पेज असेल तर आजच बदलून घे. उद्या पैशांवरून वाजलं तर ते तुझे सगळे लोक घेऊन, नाव बदलून दुसऱ्या उमेदवाराला पेज विकू शकतात.

भाऊजींचा तर यात हातच नको. ते झेडपीचे शिक्षक आहेत. वर्तणूक नियमांप्रमाणे त्यांना निवडणुकीत प्रचार करता येत नाही, आणि पेज चालवणं हा प्रचारच आहे. कुणी स्क्रीनशॉट काढून तक्रार केली तर नोकरीवर येईल. हे तू त्यांच्या काळजीपोटी सांग, ते खरंच काळजीचं आहे. आणि शाळेतलं शूटिंग रद्द कर, त्यावर घरात चर्चासुद्धा नको. भारत निवडणूक आयोगानं ५ फेब्रुवारी २०२४ ला पक्षांना आणि उमेदवारांना बजावलंय की प्रचारात लहान मुलांना कुठल्याही प्रकारे वापरायचं नाही. तुमची निवडणूक राज्य निवडणूक आयोग घेतो, पण सरकारी शाळेत, पोरांना ओळीत उभं करून प्रचाराचा व्हिडिओ करणं कुठल्याच नियमात बसत नाही. आणि नियम नसता तरी ती पोरं आपली नाहीत, लोकांची आहेत.

पैशांचंही सांगते. ४० हजार महिना म्हणजे वर्षाला ४ लाख ८० हजार. निवडणुकीच्या काळातला या कामाचा खर्च उमेदवाराच्या हिशेबात धरावा लागतो. लोकसभा-विधानसभेसाठी तर आयोगानं २०१३ मध्येच स्पष्ट केलं की जाहिरातीचे पैसे, मजकूर बनवण्याचा खर्च, माणसांचे पगार, सगळं त्यात येतं. तुमच्या निवडणुकीचे नियम निवडणूक निर्णय अधिकाऱ्यांकडून लेखी घे. हिशेब वेळेत दिला नाही तर पुढे अपात्र ठरण्यापर्यंत गोष्ट जाते. शिवाय फेसबुकवर राजकीय जाहिरात केली की पैसे कुणी भरले आणि साधारण किती, हे जाहिरात संग्रहात कुणालाही बघता येतं, ते वर्षानुवर्षं तिथे राहतं. एखाद्या ठेकेदार मित्रानं 'वहिनींसाठी' म्हणून पैसे भरून पोस्ट जास्त लोकांपुढे नेली, म्हणजे 'बूस्ट' केली, तर त्याचं नाव तुझ्या नावाशेजारी दिसेल. पण नियमाहून मोठा प्रश्न घरात विचार: हे पैसे कुठून येतायत, आणि नंतर ते कुठून भरून काढायचा विचार आहे? याचं उत्तर यजमानांनी तुला एकांतात, खरं खरं द्यायला हवं.

मग सोशल मीडिया सोडायचा का? मुळीच नाही. तुझ्या गणातली किती माणसं मुंबईत माथाडीत, गोदीत, कुठे कुठे गलाईच्या, म्हणजे सोनं-चांदी गाळण्याच्या, धंद्यात आहेत, हे तुला माहीत आहे. गावात काय चाललंय हे त्यांना फोनवरच कळतं, आणि घरी फोन करून मत कुणाला द्यायचं याबद्दल ती बोलतातही. २०१८ मध्ये तुमच्या तालुक्यातली टाकेवाडी पाणी फाउंडेशनच्या वॉटर कप स्पर्धेत राज्यात पहिली आली. त्या उन्हाळ्यांत माणदेशातल्या श्रमदानाचे फोटो सगळीकडे फिरत होते. टिकाव-फावडी आणि घामेजलेली ओळखीची तोंडं, एवढंच त्यांत असायचं. कुणाला रडायला सांगावं लागलं नव्हतं.

तुझ्याकडे दाखवण्यासारखं किती आहे बघ. सात गटांनी किती बायकांना कर्जं दिली, त्यातून कुणी शेळ्या घेतल्या, कुणी शिलाई मशीन, किती कर्ज परत आलं, कुठे बुडालं आणि ते कसं निस्तरलं. बुडालेलंही सांग, गावाला ते आधीच माहीत असतं, तू सांगितलंस की विश्वास वाढतो. मात्र ज्या बाईची गोष्ट तिची परवानगी आधी, आणि व्हिडिओ टाकण्याआधी तिला दाखवायचा. फोटोतल्या माणसाला तो आपल्या लेकीला दाखवावासा वाटला पाहिजे. नसेल वाटत तर टाकू नकोस. माझी तरी तेवढीच कसोटी आहे, आणि त्या किराण्याच्या रीलला ती लावून बघ.

गटांचे जे व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप आहेत त्यांवर प्रचाराचं एक अक्षरही टाकू नकोस. त्या बायकांची मतं वेगवेगळ्या पक्षांची असणार, त्यांचे पैसे तिथे आहेत. कर्ज हवं तर ताईंची पोस्ट पुढे पाठव, असं एखादीच्या नुसतं मनात आलं तरी तुझ्या ११ वर्षांना तडा जाईल. प्रचारासाठी वेगळा ग्रुप कर, ज्याला यायचं तो येईल. तिथे तुझ्या आवाजात, आपल्या माणदेशी बोलीत दोन-तीन मिनिटांचा संदेश टाकत जा. टँकर कधी येणार, घरकुलाच्या यादीचं काय झालं, सिंचन विहिरीच्या अर्जाला कुठले कागद लागतात. पार्श्वसंगीत नको. हे सगळं फोनवर करता येतं. कॉलेजात जाणारी एखादी मुलगी गाठ, तिला तिच्या कामाचे रीतसर पैसे दे.

आणि आश्वासनं जपून दे. पंचायत समितीच्या हातात फार पैसा नसतो. पंधराव्या वित्त आयोगाच्या (२०२१-२६) निधीतला ८० टक्के वाटा ग्रामपंचायतींना होता, पंचायत समितीला १० टक्केच. 'गणाचा कायापालट' असं कुणी लिहून दिलं तर खोडून टाक. पाठपुरावा करीन, बैठकीत विचारीन, उत्तर ग्रुपवर सांगीन, एवढं लिही. निवडून आल्यावर ते करता येतं.

बायका उभ्या राहिल्या की घाणेरड्या कमेंट, खोटे जोडून बनवलेले फोटो येतात, तुलाही येतील. पुसण्याआधी स्क्रीनशॉट काढून ठेव, सायबर पोलिसांच्या पोर्टलवर तक्रार कर, आणि हे एकटीनं वाचत बसू नकोस. यजमानांना शेजारी बसव.

घरात हे सगळं एका दमात मांडू नकोस. आधी यजमानांशी बोल. तुझ्या पत्रावरून ते मला आडमुठे वाटत नाहीत, त्यांना भीती वाटतेय की आपण मागे पडू. त्यांना म्हण, तीन महिने माझ्या पद्धतीनं करून बघू, एजन्सीचे पैसे वाचतील त्यातून गाडी आणि वाडीवाडीचा दौरा होईल. इनसाइट्सचं पान त्यांच्यासमोर ठेव. तू माझ्या म्हणण्याप्रमाणे वागलीस तर जिंकशील असं मी सांगू शकत नाही. भावकी, पक्षाचं तिकीट, पैसा, ऐनवेळचे समझोते, यांपैकी काहीच तुझ्या हातात नाही. हरलीस तरी दुसऱ्या दिवशी गटाच्या बैठकीला तुला त्याच बायकांसमोर बसायचंय; कुठल्या तोंडानं बसायचं, हे मात्र तुझ्या हातात आहे.

आता आजींचं. पुढच्या कुठल्याही कामाआधी हे कर. रील पेजवरून काढ. एजन्सीच्या मुलाकडच्या मूळ क्लिपही पुसायला लाव, घरातल्यांच्या स्टेटसवर असेल तर तिथूनही. मग आजींकडे जा आणि झालं ते चुकलं असं त्यांना सरळ सांग. त्यांना श्रावणबाळ योजनेचं निवृत्तिवेतन मिळतं का, ते विचार. वय ६५ च्या पुढे असेल आणि वार्षिक उत्पन्न २१ हजारांच्या आत असेल तर महिन्याला दीड हजार रुपये मिळतात, आणि अर्ज तहसील कार्यालयात करायचा असतो. वयाचा दाखला, उत्पन्नाचा दाखला, रहिवासाचा दाखला, बँकेचं पासबुक लागेल. एकट्या राहणाऱ्या माणसांचे अर्ज कागदांपायीच अडतात. तो किराणा पंधरा दिवसांत संपला असेल. जाताना कॅमेरा नेऊ नकोस, अर्ज ने, आणि ताक दिलं तर पिऊन ये.

तुझी,
ताई